उणे नऊ ते शून्य: एका शर्यतीचं मेण

क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या मेणाचा डबा उघडला की आधी रंग दिसतात. हिरवं मेण कडाक्याच्या थंडीचं, निळं नेहमीच्या थंडीचं, जांभळं शून्याच्या जवळपासचं, लाल आणि पिवळं ओल्या बर्फाचं. प्रत्येक डबीवर तापमानाचे आकडे छापलेले असतात. आकडा बघावा आणि डबी उचलावी, इतकं हे सोपं असतं तर मार्चमधल्या एका शुक्रवारी रात्री नॉर्वेतल्या कितीतरी घरांच्या तळघरांत दिवे जळत राहिले नसते.

तो शुक्रवार बिर्केबाइनर शर्यतीच्या आदल्या दिवसाचा. रेना गावापासून लिलेहामरपर्यंत ५४ किलोमीटर, मधे दोन मोठे डोंगर, आणि प्रत्येकाच्या पाठीवर किमान साडेतीन किलोंची पिशवी. हे वजन एका तान्ह्या मुलाचं. १२०६ साली यादवी चालू असताना बिर्केबाइनर पक्षाच्या स्कीवरच्या योद्ध्यांनी लहानग्या राजपुत्र होकूनला डोंगरापलीकडे सुखरूप नेलं, त्याच्या आठवणीत १९३२ पासून ही शर्यत होते. हजारो लोक धावतात. त्यांतले बहुतेक नोकरदार, शिक्षक, शेतकरी, आणि शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात या सगळ्यांच्या तोंडी विषय एकच असतो: मेण कोणतं?

ऑस्लोतल्या आमच्या क्लबात हे काम एक सुतार बघतो. साठीच्या घरातला माणूस, बोलणं मोजकं. त्याच्या तळघरात मी स्टुलावर बसून बघत होते. लांब लाकडी चौकटीवर स्की उलटी घट्ट बसवलेली, बाजूला इस्त्री, बुचाच्या लाकडाचे ठोकळे, ब्रश, प्लास्टिकच्या खरवडण्या, आणि भिंतीवर खिळ्याला अडकवलेली एक वही.

त्याने काय केलं ते समजायला आधी स्कीची अडचण समजून घ्यावी लागते. क्लासिक पद्धतीत एकाच स्कीने दोन उलट कामं करायची असतात. उतारावर आणि सपाटीला तिने घसरायचं, आणि पाय मागे रेटला की तिथेच बर्फाला धरून राहायचं. म्हणून स्की कमानीसारखी वाकलेली असते. दोन्ही पायांवर सारखं वजन असताना मधला भाग बर्फापासून किंचित वर राहतो आणि टोकं घसरतात. एका पायावर पूर्ण भार देऊन रेटा दिला की कमान दबते आणि मधला भाग बर्फाला टेकतो. टोकांना घसरणीचं मेण, मधल्या पट्ट्याला पकडीचं. शर्यतीचं नशीब बहुतांशी या मधल्या पट्ट्यात असतं.

पकड कशी मिळते? ताज्या बर्फाच्या स्फटिकांना टोकं असतात. कमान दबली की ती टोकं मेणात रुततात. त्या क्षणापुरती स्की स्थिर असते, म्हणून रेटा वाया जात नाही. भार हलला, स्की पुढे सरकली, की टोकं सुटतात. मेण बर्फापेक्षा फार कडक असेल तर टोकं रुततच नाहीत आणि चढावर पाय मागे घसरत राहतो. फार मऊ असेल तर रुतलेली टोकं सुटत नाहीत. मग बर्फ चिकटतो, त्यावर आणखी बर्फ साचतो, आणि माणूस स्कीखाली ढेकळं घेऊन चालायला लागतो. डब्यातले सगळे रंग म्हणजे कडकपणाच्या पायऱ्या आहेत.

हे रंग स्वीडनच्या मार्टिन मात्सबोमुळे घरोघरी पोचले. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये रिले शर्यतीत कांस्यपदक मिळवलेला हा स्कीपटू. १९४६ मध्ये स्विक्स या नावाने त्याची मेणं बाजारात आली ती हिरवी, निळी आणि लाल, तीन हवामानांसाठी तीन. त्याआधी जो तो आपापल्या चुलीवर डांबर, राळ, मेण आणि चरबी शिजवायचा आणि कृती कोणाला सांगायचा नाही. तीन रंगांनी ते गुपित मोडलं, पण निर्णय काही सोपा केला नाही.

कारण डबीवरचा आकडा हवेचा असतो आणि स्की धावते बर्फावर. आमचा सुतार दोन्ही मोजतो. हवेचं तापमान सावलीत, बर्फाचं पृष्ठभागाच्या लगेच खाली, स्वतःच्या सावलीत थर्मामीटर आडवा खुपसून, काही मिनिटं थांबून. हवा शून्याच्या वर गेली तरी बर्फ शून्यावरच अडतो. तिथून पुढे तो तापत नाही, फक्त त्यातलं पाणी वाढत जातं, आणि ते पाणी थर्मामीटरला दिसत नाही. ते हाताला कळतं. तो मोज्याच्या मुठीत बर्फ घेऊन दाबतो. मूठ उघडून फुंकर मारली आणि बर्फ उडाला तर कोरडा, गोळा झाला तर ओलसर, बोटांतून पाणी आलं तर ओला. मला या सगळ्या उपकरणांमध्ये ती मूठच सर्वांत भरवशाची वाटते. तापमान सारखं आणि ओलावा वेगळा असलेल्या दोन दिवसांना तो वेगवेगळं मेण लावतो.

त्याहून मोठा प्रश्न बर्फाच्या वयाचा. पडल्या क्षणापासून स्फटिक बदलायला लागतात. टोकं झिजतात, कण गोल होतात. दिवसा वितळून रात्री गोठलेल्या बर्फात तर टोकं उरतच नाहीत, नुसते टणक गोटे. त्यांच्यात रुतण्यासारखं काही नसतं, म्हणून तिथे डबीतलं मेण चालत नाही. तिथे लागतं क्लिस्टर, ट्यूबमधून येणारा चिकट लेप, ज्याचं पेटंट नॉर्वेच्या पेटर ऑस्टब्यूने १९१३ मध्ये घेतलं. क्लिस्टर म्हणजे फणसाचा चीक. बोटाला लागला की दाराच्या कडीला लागतो, तिथून बाहीला, आणि पाण्याने काही केल्या जात नाही. पण गोठलेल्या गुळगुळीत मार्गावर त्याच्यावाचून चढ चढता येत नाही.

त्या रात्रीचा अंदाज असा होता. रेना दरीत, नदीकाठी. आभाळ निरभ्र असलं की थंड हवा रात्रभर खाली दरीत साचते. म्हणून पहाटे खाली उणे नऊ आणि वर डोंगरावर उणे पाच. सूर्य चढला की वर उणे एकपर्यंत. दोन दिवसांपूर्वी वर थोडा नवा बर्फ पडलेला, खाली जुनाच. मार्ग यंत्राने रात्री नव्याने दाबणार, म्हणजे नवा-जुना एकमेकांत मिसळणार. वरचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर, उघडा, वाऱ्याचा. शेवटचा टप्पा उताराचा, लिलेहामरच्या स्टेडियमपर्यंत. म्हणजे एकाच शर्यतीत तीन वेगळे बर्फ, आणि मेण एकदाच लावायचं.

आणखी एक गोष्ट मला त्या रात्री प्रथमच कळली. लोक एकदम सुटत नाहीत, गटागटाने सुटतात, आणि पहिल्या गटाला जो मार्ग मिळतो तो शेवटच्या गटाला मिळत नाही. हजारो स्की एकाच खाचेतून गेल्या की खाच घासून घासून चकाकते आणि काचेसारखी टणक होते. त्यामुळे शेजारच्या दोन स्कींना त्याने वेगवेगळं मेण लावलं, कारण एकीचा मालक सकाळी लवकर सुटणार होता आणि दुसरीची मालकीण बरीच उशिरा.

काम सुरू झालं ते पॉलिश पेपरने. मधला पट्टा खरखरीत केला, म्हणजे मेण धरून राहील. मग पायाचं, म्हणजे सगळ्यात खालचं, मेण इस्त्रीने वितळवून पातळ पसरलं आणि स्की बाहेर बर्फात ठेवली. उशिरा सुटणारीच्या स्कीवर मात्र पायाच्या मेणाच्या जागी निळ्या क्लिस्टरचा अगदी झिरझिरीत थर. तोही बाहेर पूर्ण गार होऊ दिला, कारण कोमट क्लिस्टरवर डबीतलं मेण घासलं की दोन्ही एकमेकांत कालवतात आणि कशाचंच काही राहत नाही. त्यानंतर दोन्ही स्कींना निळ्या मेणाचे चार-पाच थर. प्रत्येक थर खडूने रेघोट्या ओढाव्यात तितकाच आणि लगेच बुचाने घासून एकजीव. एक जाड थर बर्फ उचलतो, पाच पातळ थर टिकतात. सगळ्यात शेवटी फक्त पावलाखालच्या हातभर भागात जांभळ्याचा हात फिरवला, दुपारच्या उणे एकसाठी.

“जांभळं सुरुवातीपासून का नाही?” मी विचारलं.

“कडकवर मऊ बसतं, मऊवर कडक बसत नाही,” तो म्हणाला. “वाटेत पकड गेली तर खिशातल्या डबीने वरून मऊ लावता येईल. स्की बर्फ धरायला लागली तर मात्र तुला खरवडायला बसावं लागेल.”

म्हणून थंडीच्या बाजूला झुकायचं. शंका असेल तिथे कडक मेण.

घसरणीच्या टोकांवर तो कमी वेळ घालवतो, आणि त्याचं कारण मला पटलं. त्याच्या मते घसरण आधी स्कीतच ठरते. कोणती जोडी किती ताठ आहे, तिच्या तळावर दगडी चाकाने कोणती नक्षी कोरली आहे, हे आधी. अति थंड कोरड्या बर्फात तळाखाली पाण्याचा थर जवळजवळ नसतो, घर्षण कोरडं असतं, म्हणून तळ गुळगुळीत आणि मेण कडक. ओल्या बर्फात उलट: पाणी जास्त होतं, स्की खाली ओढली जाते, म्हणून त्या पाण्याला वाट करून देणाऱ्या जाड रेघा. मेणाची पाळी त्यानंतर.

पूर्वी या ओल्या बर्फावर एक जालीम उपाय होता. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून फ्लोरिनयुक्त मेणं आली. पाणी त्यांच्यावर ठरतच नसे आणि ओल्या दिवशी ती लावलेली स्की इतरांना मागे टाकत असे. पण ती रसायनं निसर्गात विघटन होऊन संपत नाहीत, आणि इस्त्रीच्या धुरातून ती मेण लावणाऱ्यांच्या अंगात जात होती. नॉर्वे आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी व्यावसायिक मेण लावणाऱ्यांचं रक्त तपासलं तेव्हा त्यात ही द्रव्यं सर्वसामान्यांच्या कितीतरी पट आढळली. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०१९ मध्ये बंदी जाहीर केली आणि ती २०२३-२४ च्या मोसमापासून पूर्णपणे अमलात आली. अवरक्त किरणांच्या यंत्राने शर्यतीपाशीच स्की तपासली जाते. त्याच मोसमाच्या पहिल्याच अल्पाइन शर्यतीत, ऑस्ट्रियातल्या सोल्डनला, नॉर्वेची राग्नहिल्ड मोविन्केल या तपासणीत अडकून बाद झाली. बंदी योग्यच होती असं मला वाटतं. काही सेकंदांसाठी कोणाच्या रक्तात विष साठवावं इतकी कोणतीही शर्यत मोठी नाही. बंदीमुळे बर्फ वाचण्याचं कौशल्य पुन्हा पुढे आलं, हा त्याचा आणखी एक लाभ.

हे कौशल्य ज्यांच्याकडे जगात सर्वाधिक आहे, तेही फसतात. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये नॉर्वेचे दोन्ही रिले संघ सुवर्णाचे दावेदार होते. उबदार, ओल्या, क्षणाक्षणाला बदलणाऱ्या बर्फावर महिला संघ पाचवा आला आणि पुरुष संघ चौथा. दोन्ही सुवर्णं स्वीडनने नेली. देशभर चर्चा झाली ती स्की आणि मेणाची. शून्याच्या आसपास नवा बर्फ पडत असेल तेव्हा सगळे हादरतात. त्या वेळी मऊ मेण बर्फ गोळा करतं आणि कडक मेण निसटतं, मधे जागाच उरत नाही. अशा दिवशी काही जण मेण लावतच नाहीत. तळाचा मधला पट्टा पॉलिश पेपरने खरवडून केसाळ करतात आणि त्यावर बर्फ न धरणारा द्रव फवारतात. दुसरी पळवाट हातांची. २०१३ च्या वासालोपेत, म्हणजे स्वीडनच्या ९० किलोमीटरच्या शर्यतीत, योर्गन आउकलान पकडीचं मेण न लावता, पूर्ण अंतर दोन्ही काठ्या एकदम रेटत जिंकला. पण त्यासाठी तसे खांदे लागतात. आमच्या क्लबातल्या लोकांना मेणच हवं.

सकाळी रेनाला थर्मामीटर उणे आठ दाखवत होता. सुतार पाठीवर भरलेली पिशवी घेऊन एकेका जोडीवर जवळच्या चढावर धावून आला. पिशवीशिवाय चाचणी घ्यायची नाही, कारण तेवढ्या जास्तीच्या वजनानेही कमान अधिक दबते आणि मेणाचा अधिक भाग बर्फाला लागतो. चढावर नेटकं चालताना नाही, थकल्यासारखं सैल पाऊल टाकताना पकड राहते का, हे तो बघत होता. चाळिसाव्या किलोमीटरला कोणाचं पाऊल नेटकं पडत नाही. एक जोडी मागे सुटली, तिला निळ्याचे आणखी दोन थर थोडे पुढपर्यंत दिले. एका तरुणाने शेजारच्या क्लबने जांभळं लावल्याचं सांगितलं आणि आपल्यालाही तेच हवं म्हणाला. सुतार वाद घालत बसला नाही. जांभळ्याची डबी आणि बुचाचा ठोकळा त्याच्या पिशवीत टाकला आणि म्हणाला, “मिट्टफ्येलच्या डोंगरावर लागलंच तर लाव.”

दुपारी लिलेहामरला स्टेडियमच्या बाहेर त्याने सगळ्या स्की भिंतीला उलट्या टेकवून ठेवल्या आणि मधल्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवत गेला. लवकर सुटलेल्यांचं निळं बरंचसं शिल्लक होतं. तरुणाची जांभळी डबी उघडलीच गेली नव्हती. उशिरा सुटलेल्यांचं मेण टाचेकडे पार झिजलेलं, पण खालचं क्लिस्टर जागेवर होतं आणि त्यावरच ते शेवटचा चढ चढून आले होते. ज्या दोघांचा गट अगदी मधला होता आणि ज्यांना त्याने क्लिस्टर दिलं नव्हतं, त्यांच्या पट्ट्याचा मागचा भाग उघडा पडला होता. वाटेतल्या शुशोएन गावाच्या अलीकडे पाय घसरत होते, असं ते दोघे म्हणाले. वहीत त्याने हवा, बर्फ, ओलावा, सुटण्याची वेळ आणि थर लिहिले, आणि त्याखाली एक ओळ: अशा हवेत क्लिस्टरचा पाया मधल्या गटापासूनच द्यायचा.