चोवीस व्होल्टच्या केबिनमधला डेक

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता, त्याला लागून टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले कारखाने आणि दक्षिणेला तुर्भे-वाशीची एपीएमसी बाजारपेठ. माथाडी कामगारांच्या वसाहती इथे, मालाच्या गाड्यांची वर्दळही इथलीच. अशा ठिकाणी गाडीत डेक बसवणं हे रोजचं काम, आणि जाणता वायरिंगवाला गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न कंपनीचा किंवा किमतीचा विचारत नाही. तो विचारतो, "गाडी बारा व्होल्ट की चोवीस?"

छोटा हत्ती किंवा पिकअप असेल तर बारा. मोठ्या ट्रकला मात्र बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात आणि इंजिन चालू असताना दाब २८ व्होल्टच्या आसपास जातो. बाजारातले बहुतेक डेक बाराचे. मग घाईचा कारागीर एकाच बॅटरीवरून वायर काढून देतो. गाणं लगेच वाजतं, ड्रायव्हर खूश होतो. पण डेकचा सगळा भार त्या एका बॅटरीवर पडतो. चार्जिंग होतं ते दोघींचं मिळून, म्हणून भार वाहणारी कायम अर्धी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन तिचं पाणी आटतं. काही महिन्यांनी पहाटे माल भरून निघायच्या वेळी सेल्फच घेत नाही. चोवीसाचे बारा करणारा कन्व्हर्टर लावला की हे सगळं टळतं. माझ्या मते बेताच्या बजेटमध्ये पहिला पैसा त्याच्यावरच खर्च व्हावा.

दुसरा पैसा स्पीकरवर. डेकच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असं ठळक छापलेलं असतं, पण तो क्षणभराचा आकडा. १४.४ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला साध्या डेकमधून सलग मिळतात साधारण २० वॅट. तेवढे भरपूर आहेत, फक्त स्पीकर मोकळ्या गळ्याचा हवा. एका वॅटला ९२ डेसिबल देणारा स्पीकर जेवढा मोठा वाजतो, तेवढा आवाज ८६ वाल्यातून काढायला चौपट वॅट लागतात. हा आकडा खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असतो. तो वाचून घ्यावा. डिझेल इंजिनाची घरघर खालच्या पट्टीची, त्यात बुफरचा ठोका निम्मा बुडतो. लोकगीतातला किंवा आगरी-कोळी गाण्यातला गळा मात्र त्या घरघरीच्या वर राहतो. म्हणून दारांत दोन चांगले स्पीकर बसवावेत, अँपचा नाद सोडावा.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. काचा बंद राहिल्या की कमी आवाजात काम भागेल आणि मागच्याचा हॉर्नही ऐकू येईल. ड्रायव्हरच्या कानांची एवढी काळजी तरी घेतली गेली पाहिजे, कारण तो त्या केबिनमध्ये आयुष्य काढतो.

जोडणीत खरं कसब दिसतं. पिवळी वायर कायमच्या करंटची, लाल चावीची, काळी अर्थिंगची. पिवळीवरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. नाहीतर वाटेत वायर सोलली जाऊन बॉडीला टेकली तर फ्यूजच्या आधीच आग लागते. स्पीकरच्या दोन वायरींत पट्टा असलेली मायनस. खुणा पुसल्या असतील तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवायचा. कागदी पडदा बाहेर उसळला तर सेलचा प्लस जिथे लागला ते टोक प्लस. आत ओढला गेला तर उलट. हे तपासायचं राहिलं आणि दोनांतला एक स्पीकर उलटा जोडला गेला, तर दोन्ही एकमेकांचा बेस खातात. मग गिऱ्हाईक बिचारं मोठा बुफर विकत घेऊन येतं.

शेवटी इंजिन चालू करून रेस द्यायची. रेसबरोबर स्पीकरमधून बारीक शिट्टी चढत गेली, तर डायनामोचा आवाज गाण्यात शिरला आहे. अशा वेळी अर्थिंगचा नट खोलायचा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायचा, पुन्हा आवळायचा आणि पुन्हा रेस द्यायची.