हिब्रू व ग्रीक विचारपद्धती : भेदाचे स्वरूप आणि मराठीची साक्ष

पाश्चात्त्य संस्कृतीच्या घडणीत हिब्रू आणि ग्रीक असे दोन प्रवाह मानण्याची प्रथा मॅथ्यू अर्नोल्डच्या 'कल्चर अँड अनार्की' (१८६९) या ग्रंथापासून विशेष रूढ झाली. अर्नोल्डच्या मते हिब्रू वृत्तीचा भर सदाचरणावर, तर ग्रीक वृत्तीचा भर वस्तूचे यथार्थ रूप पाहण्यावर आहे. नॉर्वेजियन अभ्यासक थोर्लीफ बोमान याने १९५२ मध्ये हा भेद भाषेच्या घडणीपर्यंत नेला. हिब्रू विचार गतिशील व कालनिष्ठ, तर ग्रीक विचार स्थितिशील व अवकाशनिष्ठ, असे त्याचे प्रतिपादन आहे. ही विभागणी अभ्यासकास तयार साच्यासारखी सोयीची वाटते. तिचा उपयोग कोठवर होतो, हे महाराष्ट्रातील साधनांवरून तपासून पाहता येते.

खंडाळ्याजवळचा बोरघाट हा कोकण व देश यांना जोडणारा जुना मार्ग. या मार्गाच्या दोन्ही अंगांस दोन्ही परंपरांच्या खुणा आढळतात. घाटमाथ्यावर, खंडाळ्याच्या पूर्वेस, कार्ले येथील चैत्यगृहाच्या काही स्तंभांवर धेनुकाकट येथील 'यवन' दात्यांचे लेख आहेत. 'यवन' हा शब्द मुळात आयोनियन ग्रीकांचा वाचक. पुढे त्याचा अर्थ विस्तारला, म्हणून हे दाते वंशाने ग्रीकच होते असे ठामपणे म्हणता येत नाही. त्यांची नावे एतद्देशीय वळणाची, भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी आणि दान बौद्ध संघास. 'यवन' हे अभिधान टिकले. परंतु त्या लेखांत ग्रीक विचारपद्धतीचा शोध घेऊ गेल्यास हाती काही लागत नाही.

घाटाखाली कोकणात बेने इस्राएल समाजाची वस्ती होती. परंपरेनुसार या समाजाचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून शेजाऱ्यांनी या समाजास 'शनवार तेली' असे नाव दिले. दीर्घकाळ हिब्रू ग्रंथांचा संपर्क तुटला, व्यवहाराची भाषा मराठी झाली. तरीही शब्बाथ टिकला. तोराहमध्ये शब्बाथाची आज्ञा एके ठिकाणी 'स्मरण कर', तर दुसऱ्या ठिकाणी 'पाळ' अशा क्रियापदाने येते. येथे धर्माचे सातत्य सिद्धान्तापेक्षा आचाराने, नेमलेल्या दिवसाच्या पालनाने राखलेले दिसते. अर्नोल्डच्या भेदास एवढा आधार निश्चित मिळतो. मात्र हे सातत्य भाषेतून आलेले नाही, कारण भाषा तर बदललेली होती.

भाषेच्या पातळीवर 'नेफेश' या हिब्रू शब्दाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या अर्थच्छटा कंठ, श्वास, प्राण, स्वतः अशा आहेत. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्यास नेफेश 'मिळत' नाही. तो स्वतःच सजीव नेफेश 'होतो'. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात सुरू झालेल्या ग्रीक भाषांतरात त्यासाठी 'प्सिखे' हा शब्द आला. प्लेटोच्या लेखनात प्सिखे देहापासून विलग होऊ शकते. मराठी भाषांतरकारापुढे हाच पेच 'जीव' आणि 'आत्मा' या रूपात उभा राहतो. जीव तहानेने व्याकूळ होतो, घाबरतो, कोणावर तरी जडतो. आत्म्याविषयी मराठी माणूस असे सहसा बोलत नाही. 'जीव' नेफेशच्या जवळ जातो, तर 'आत्मा' वेदान्ताचा संस्कार घेऊन येतो. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर १९२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूपूर्वी पूर्ण झाले. त्यात संस्कृतप्रचुर परिभाषेऐवजी सोप्या मराठीचा त्यांनी धरलेला आग्रह या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो.

तथापि 'जीव' व 'आत्मा' हे दोन्ही शब्द एकाच मराठी भाषकाच्या तोंडी असतात. 'शब्द' या पदाचेही तसेच. व्याकरणात तो अर्थवाहक ध्वनिसमूह असतो. 'शब्द पाळला' असे म्हणताना मात्र तो कृतीशी बांधलेला असतो, आणि उक्ती व घटना या दोहोंचा वाचक असलेल्या हिब्रू 'दाबार'ची आठवण करून देतो. तेव्हा मराठी मन हिब्रू की ग्रीक, हा प्रश्नच अप्रस्तुत ठरतो. जेम्स बारने १९६१ मध्ये बोमानप्रभृतींवर घेतलेला आक्षेप नेमका हाच होता : समाजाचा विचार सुट्या शब्दांत किंवा व्याकरणाच्या रूपांत नसतो; तो वाक्यांत, त्यांच्या संदर्भयुक्त वापरात असतो.

म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकास एरिक आउअरबाखचा मार्ग अधिक उपयुक्त ठरतो. 'मिमेसिस' (१९४६) या ग्रंथात त्याने होमरमधील ओडिसियसच्या व्रणाचा प्रसंग आणि अब्राहामाने पुत्रबली देण्यास निघण्याचा प्रसंग शेजारी ठेवले. होमर सर्व काही उजेडात मांडतो, तर हिब्रू कथा बरेचसे अनुक्त ठेवते. हा भेद कथनाचा असून तो संहितेत दाखवता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बेने इस्राएल कीर्तनकारांनी बायबलमधील कथा मराठी कीर्तनाच्या घाटात मांडल्या. मूळ कथेतील मौनाचे कीर्तनाच्या निरूपणात काय होते, याचा शोध घेतल्यास हिब्रू व ग्रीक या भेदाची चर्चा वांशिक स्वभावाच्या कल्पनेतून मुक्त होऊन साहित्यविचाराच्या कक्षेत येईल.