संथ लयीचे सोयरे

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा महिनाभर आमच्याकडे राहायला होता. तो गिटार वाजवतो. एका रात्री जेवणं झाल्यावर त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि म्हणाला, "मामा, पहिली पाच मिनिटं काही बोलू नकोस. नुसतं ऐक."

एक घोगरा, जाडजूड सूर आला आणि विरत गेला. दुसरा यायची चिन्हं दिसेनात. मग ड्रमचा एक ठोका पडला, आणि पुढच्या ठोक्याची वाट पाहत मी श्वास रोखून बसलो. मेटल म्हणजे धडाधड पळणारं संगीत, अशी माझी पक्की समजूत होती. हे तर विलंबितात चाललेलं होतं. भाचा म्हणाला, याला डूम मेटल म्हणतात. डूम म्हणजे टळणार नाही असा घात, कपाळी लिहिलेला नाश.

या संगीताचा उगम शोधायला फार भटकावं लागत नाही. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, कारखान्यांचं शहर. तिथल्या चार पोरांच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी आला. ध्वनिमुद्रण एका दिवसात उरकलेलं. पहिल्या गाण्याचं नावही 'ब्लॅक सॅबथ'च, आणि त्याचा सगळा डोलारा तीन सुरांवर उभा आहे: सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. युरोपात या अंतराला एके काळी सैतानाचं नाव चिकटलं होतं. आपल्याकडे तीव्र मध्यम दिवेलागणीला भेटतो. मारव्यात पंचम नसतो, त्यामुळे तिथे त्याची बेचैनी अगदी उघडी पडते. 'सॅबथ'च्या त्या तिसऱ्या सुरावर मला मारव्याचीच हुरहुर लागली, हे मी भाच्याला सांगितलं. तो हसला नाही. त्याने ते गाणं पुन्हा लावलं.

'सॅबथ'चा गिटारवादक टोनी आयोमी. पत्र्याच्या कारखान्यात कामाला असलेला सतरा वर्षांचा मुलगा. नोकरीच्या शेवटच्याच दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तुटली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजून दोन बोटं निकामी झालेला आणि तरीही युरोप गाजवलेला गिटारवादक. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटवले आणि पुन्हा वाजवायला बसला. पातळ तारा वापरल्या. १९७१ च्या तिसऱ्या अल्बमच्या वेळी त्याने गिटारच्या सगळ्या तारा तीन-तीन अर्धस्वर उतरवल्या. ढिल्या तारा दुखऱ्या बोटांना सोसतात. त्यांचा आवाजही खाली उतरतो, जड होतो.

या जडपणामागचं साधं कारण सांगायला हवं. अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त आवाज त्यात कोंबला की ध्वनिलहरीची टोकं कापली जातात आणि मूळ सुराबरोबर वरच्या सुरांची गर्दी उसळते. अशा गर्दीत गंधार, निषाद मिसळून वाजवले तर चिखल होतो. सा आणि पंचम मात्र एकमेकांत बसतात. म्हणून मेटलचा गिटारवादक बहुतेक वेळा नुसते सा-प एकत्र छेडतो. हे स्वर खालच्या सप्तकातले असले तर त्यांना फुलायला, गुंजायला वेळ लागतो. घाईने वाजवलं तर एकातला दुसरा कळत नाही. डूमवाले मिनिटाला साठच्या आसपास, कधी त्याहूनही कमी ठोक्यांवर का थांबतात, ते इथे उमगतं. घड्याळाचा काटाही त्यांच्यापुढे घाईचा वाटतो. तंबोऱ्याशेजारी बसून ज्याने कधी डोळे मिटलेत, त्याला सा-पच्या या गुंजनाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

पण मला या संगीतापेक्षाही जास्त ओढ लागली ती ते जपणाऱ्या माणसांची. ऐंशीच्या दशकात मेटल दिवसेंदिवस वेगवान होत गेलं. सावकाश वाजवणाऱ्यांना कोणी विचारेना. अमेरिकेतला 'पेंटाग्राम' १९७१ साली सुरू झाला, पण त्यांचा पहिला पूर्ण अल्बम निघाला १९८५ मध्ये. चौदा वर्षं! लॉस एंजेलिसच्या 'सेंट व्हायटस'ला आसरा मिळाला तो एका पंक कंपनीकडे. स्वीडनच्या 'कँडलमास'चा पहिला अल्बम १९८६ चा. ही मंडळी एकमेकांना ठाऊक झाली ती मुख्यतः चाहत्यांच्या पत्रांमुळे.

त्या काळात चाहते एकमेकांना टपालाने कॅसेट पाठवत. सायक्लोस्टाइल केलेल्या किंवा फोटोकॉपी काढलेल्या नियतकालिकांत पत्ते छापलेले असत. कोऱ्या कॅसेटवर प्रतीची प्रत काढायची, सोबत चार ओळी लिहायच्या. तिकिटांवर डिंकाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे टपालाचा शिक्का त्या थरावर बसतो. पाकीट मिळालं की पलीकडचा मित्र पाण्याने शिक्का धुऊन काढी आणि तेच तिकीट लावून उलट टपाली कॅसेट पाठवी. पाचव्या-सहाव्या प्रतीपर्यंत मूळ संगीतावर खरखरीचं पांघरूण चढलेलं असे. तरी ती कॅसेट कानाला लावून ऐकत, कारण दुसरीकडे ती मिळणारच नव्हती.

याच पत्रापत्रीच्या जगातला ली डोरियन. कॉव्हेंट्रीचा. आधी चाहता. स्वतःचं नियतकालिक काढायचा, लहान हॉलमध्ये बँड बोलावून कार्यक्रम करायचा. ज्या बँडना बोलवायचा त्यांतलाच एक 'नेपाम डेथ', आणि शेवटी तो त्यांचाच गायक झाला. १९८७ च्या 'स्कम' या अल्बमची दुसरी बाजू त्याच्या आवाजात आहे. जगातल्या सगळ्यांत वेगवान बँडपैकी हा एक. त्याच अल्बमवरचं एक गाणं दीड सेकंदाचंही नाही. नाव होत होतं. १९८९ मध्ये डोरियन बाहेर पडला. घरी तो ऐकत होता 'पेंटाग्राम', 'ट्रबल', 'कँडलमास'. आणखी एकजण तसाच वेडा भेटला, एका दुसऱ्या बँडचं सामान वाहणारा मार्क ग्रिफिथ्स. दोघांच्या आवडी जुळल्या आणि त्यातून 'कॅथीड्रल' उभा राहिला. १९९० च्या पहिल्या नमुना-कॅसेटवर त्यांनी 'पेंटाग्राम'चं गाणं आपल्या पद्धतीने वाजवलं. १९९१ चा त्यांचा अल्बम इतका संथ, की आधीचा डोरियन माहीत असलेल्यांना तोच माणूस गातोय यावर विश्वास बसू नये.

गायक होऊन त्याच्यातला चाहता संपला नाही. त्याची 'राइज अबव्ह' ही रेकॉर्ड कंपनी पुढे डूमचं माहेरघर झाली. डॉर्सेटच्या 'इलेक्ट्रिक विझर्ड'चे सुरुवातीचे अल्बम तिथूनच आले. नेदरलँड्समध्ये टिलबुर्गला भरणाऱ्या 'रोडबर्न' महोत्सवात २०१६ साली कोणी वाजवायचं, हे ठरवण्यातही त्याचा हात होता. 'पेंटाग्राम'च्या बॉबी लिबलिंगची गोष्ट 'लास्ट डेज हिअर' या २०११ च्या माहितीपटात आहे. व्यसनात रुतून आईवडिलांच्या तळघरात दिवस काढणाऱ्या या गायकाला पुन्हा मंचावर आणायला झटला, तो त्याच्या जुन्या रेकॉर्डींवर जीव असलेला एक चाहताच. या बिरादरीत व्यासपीठाची पायरी फार उंच नसते. वाजवणारा कालपर्यंत ऐकणारा असतो, आणि कार्यक्रम संपल्यावर पुन्हा ऐकणाऱ्यांत येऊन उभा राहतो.

आपल्याकडेही हे सोयरे आहेत. बंगळुरूचा 'बेवर सी' हा बँड घ्या. नावात कन्नडातली 'बेवरसी' ही शिवी लपलेली आहे, आपला 'बेवारशी' तोच. त्याच शहरातल्या 'जिन अँड मिस्कॅटॉनिक'ने तर सुरुवातीला गिटारच घेतली नव्हती. बेस, ड्रम आणि आवाज.

आणि एक धागा असा आहे की तो कळल्यावर मी रात्री उशिरापर्यंत जागा होतो. १९९३ साली अमेरिकेतल्या 'अर्थ' या बँडने ७३ मिनिटांत फक्त तीन तुकडे असलेला अल्बम काढला, ड्रमच्या आधाराशिवाय जवळजवळ नुसतं गुंजन. त्यांच्या डिलन कार्लसनवर ला माँट यंग या संगीतकाराचा प्रभाव. यंग १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य. प्राणनाथांचे गुरू उस्ताद अब्दुल वहीद खाँ, ज्यांची संथ, एकेका सुराला धरून बसणारी आलापी ऐकून अमीर खाँसाहेबांनी झुमरा तालातला आपला अतिविलंबित ख्याल घडवला, आणि ज्यांच्याकडे हिराबाई बडोदेकर शिकल्या. हिराबाईंचे वडील, किराण्याचेच अब्दुल करीम खाँ, मिरजेचे झाले. मिरजेच्या तंबोऱ्याचा ठेहराव असा फिरत फिरत सिअॅटलच्या बाजूच्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचला होता.

सिअॅटलच्याच 'बेल विच' या दोघांच्या बँडची कहाणी भाच्याने शेवटी सांगितली. २०१६ मध्ये त्यांचा आधीचा ड्रमवादक एड्रियन गेरा वारला. पुढच्या वर्षी आलेला 'मिरर रीपर' हा अल्बम म्हणजे ८३ मिनिटांचं एकच गाणं, आणि त्यात मध्यावर गेलेल्या मित्राचा आधी मुद्रित करून ठेवलेला आवाज येतो. आम्ही ते एका बैठकीत ऐकलं. बाहेर पाऊस चालू होता. तो आवाज आला तेव्हा भाच्याने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्याने गिटारची खालची तार उतरवायला घेतली. सेकंदाला ८२ कंपनांवरून ६९ वर, आयोमीसारखे तीन अर्धस्वर खाली. म्हणजे काळी एक. माझ्या गुरुजींची पट्टी, माझीही तीच. कोपऱ्यात मिरजेचा तंबोरा गवसणी काढून ठेवला होता, सकाळीच जुळवलेला. भाच्याने उतरवलेली तार छेडली आणि हात उचलला. गिटार हळूहळू गप्प झाली, पण खोलीत सूर उरला. तंबोऱ्याचा खर्ज आपोआप बोलत होता.

"मामा, पुन्हा?" भाच्याने विचारलं, आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबून तार पुन्हा छेडली.