जाहिरातीचा पैसा आणि त्याचे माप

संकेतस्थळ चालवून चार पैसे मिळवावेत, असे आज आपल्या भिवंडीतील अनेक तरुणांना वाटते, आणि त्यात गैर काहीच नाही. यासाठी परिचित असा मार्ग म्हणजे गूगलने २००३ साली सुरू केलेली ‘ॲडसेन्स’ ही योजना. तिच्या मान्य भाषांत मराठीही आहे. परंतु नियम मोडल्यास खाते बंद होते आणि साठलेली रक्कमही हातची जाते. हे नियम इतके कडक का, ते आपण पाहू.

मुळात हा पैसा येतो कोठून? समजा, आपल्याच गावच्या एका कापडव्यापाऱ्याने जाहिरातीसाठी दोन हजार रुपये ठेवले. त्याची जाहिरात निरनिराळ्या संकेतस्थळांवर झळकते. कोणी तिच्यावर टिचकी मारली की त्या रकमेतून काही पैसे कापले जातात, आणि जाहिरातीच्या पैशांतील मोठा वाटा संकेतस्थळाच्या मालकाला मिळतो. आता मालकाने स्वतःच टिचक्या मारल्या, अथवा मित्रांकडून मारविल्या, तर व्यापाऱ्याचे पैसे संपतील आणि गिऱ्हाईक मात्र एकही येणार नाही. म्हणजे येथे लुबाडला गेला तो आपलाच दुकानदार! यंत्रमागावर मजुरी मीटरच्या हिशेबाने ठरते; तेथे मापात खोट चालत नाही, मग येथे तरी ती का चालावी?

छापील वृत्तपत्रांपुढेही हाच प्रश्न होता. खपाचा आकडा फुगवून सांगितला तर जाहिरातदाराने विश्वास कोणावर ठेवावा? म्हणून प्रकाशक, जाहिरातदार व जाहिरातसंस्था यांनी एकत्र येऊन १९४८ साली भारतात ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही खप तपासणारी संस्था उभारली.

ॲडसेन्सचे नियम याच जातीचे आहेत. स्वतःच्या पानावरील जाहिरातीवर टिचकी मारू नये. ‘जाहिरातीवर टिचकी मारून आम्हांस साहाय्य करा’ असे लिहू नये. पैसे देऊन वा यंत्राकरवी टिचक्या मिळवू नयेत. वाचकाचे बोट चुकून पडेल अशा जागी जाहिरात लावू नये. दुसऱ्याचा मजकूर उचलून आपल्या पानावर घालू नये.

कमाई शंभर डॉलरपर्यंत साठल्यावरच ती हाती पडते. तत्पूर्वी तपासणी होते. खोट्या टिचक्यांची रक्कम वजा केली जाते आणि शक्य तेथे जाहिरातदाराला परत दिली जाते. अपराध मोठा ठरला तर खाते बंद होते. दाद मागता येते. पण ती फेटाळली गेल्यास त्या माणसाला पुन्हा या योजनेत सहसा प्रवेश मिळत नाही. कोणी द्वेषाने आपल्या पानावर टिचक्यांचा मारा करीत आहे अशी शंका आली, तर गूगलला तत्काळ कळवावे. कारण आपल्या पानावरील रहदारीची जबाबदारी अखेर आपलीच मानली जाते.

सारांश, या धंद्यात आपण विकतो ते वाचकाचे खरेखुरे लक्ष. ते मिळविण्यास वेळ लागतो. पण खऱ्या मापाचा माल देणाऱ्याकडे व्यापारी पुन्हा येतो, हा अनुभव आपल्या गावाला काही नवा नाही.