घरातील कर्णायुक्त ध्वनिक्षेपक : आकार, जागा आणि निवड

मोठा कर्णा जोडलेला ध्वनिक्षेपक घरात संगीतश्रवणासाठी ठेवावा की नाही, हा प्रश्न सामान्यतः आवडीचा आणि ऐपतीचा समजला जातो. वस्तुतः तो आधी तरंगलांबीचा आणि मग खोलीच्या कोपऱ्यांचा प्रश्न होय. कपाटाएवढे हे साधन लहान का करता येत नाही आणि त्या आकाराच्या मोबदल्यात श्रोत्यास नेमके काय मिळते, या दोन गोष्टी ध्यानी आल्या म्हणजे निवडीतील बराचसा संभ्रम दूर होतो.

ध्वनिक्षेपकाचा शंकू मोकळ्या हवेत पुढेमागे हलू लागला की त्याच्या समोरील हवा पुरती दाबली न जाता बरीचशी कडेने निसटते. खालच्या स्वरांत हे विशेषच घडते. कारण त्यांच्या तरंगलांबीच्या मानाने शंकू फारच लहान असतो. कर्णा या निसटत्या हवेस आवर घालतो. अरुंद कंठापासून विस्तीर्ण मुखापर्यंत छेदाचे क्षेत्रफळ क्रमाक्रमाने वाढत गेल्यामुळे शंकूवर हवेचा पुरेसा भार पडतो आणि त्याची ऊर्जा खोलीतील हवेत सहज उतरते. विजेच्या बाबतीत रोहित्र जे कार्य करते, तेच ध्वनीच्या बाबतीत कर्णा करतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

या भाराचा परिणाम शंकूच्या हालचालीत स्पष्ट दिसतो. साध्या ध्वनिक्षेपकात आवाजाची पातळी कायम राखून स्वर एक सप्तक खाली आणावयाचा झाल्यास शंकूस चौपट अंतर हलावे लागते. कर्ण्यात ते केवळ दुप्पट होते. सेकंदास ३२० कंपनांचा स्वर तीन सप्तके खाली ४० कंपनांवर आणला, तर पहिल्या प्रकारात हालचाल ६४ पट होते, दुसऱ्यात ८ पट. शंकू जितका अधिक हलतो, तितका तो चुंबकाच्या समक्षेत्राबाहेर जातो आणि मूळ ध्वनीत नसलेले स्वर उत्पन्न करतो. कर्ण्याचा खरा लाभ यामुळेच मोठ्या आवाजात नसून अल्प श्रमात आहे. त्याचे जाणते चाहते जो मोकळेपणा वाखाणतात, त्याचे एक मुख्य कारण हेच होय.

कर्ण्याचा इतिहासही या तत्त्वास धरूनच आहे. ग्रामोफोनच्या सुईजवळ विजेचे साहाय्य नव्हते, तेव्हा कर्णा अपरिहार्य होता. आर्थर गॉर्डन वेबस्टर यांनी १९१९ मध्ये कर्ण्यातील ध्वनिप्रसाराचे समीकरण प्रसिद्ध केले. पुढे १९२५ मध्ये राइस व केलॉग यांनी कर्ण्यावाचून चालणारा शंकूचा ध्वनिक्षेपक मांडला. निर्वात नलिकांच्या विवर्धकाने शक्ती पुरविली की कर्ण्याची निकड उरत नाही, हे दिसून आले. कर्णा घराबाहेर पडला, परंतु बोलपटांच्या चित्रगृहांनी त्याला आश्रय दिला. कारण तेथे शेकडो प्रेक्षकांपर्यंत आवाज पोहोचवावयाचा होता आणि विवर्धकाची शक्ती मात्र थोडी होती.

घरात तो परत आणण्यात अडचण आकाराची होती. ही अडचण किती मोठी आहे, हे साध्या गणिताने कळते. सेकंदास ४० कंपनांच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ८.६ मीटर असते. मोकळ्या जागेत कर्ण्याच्या मुखाचा परीघ जवळजवळ एवढाच असावा लागतो. म्हणजे मुखाचा व्यास सुमारे २.७ मीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ५.९ चौरस मीटर होते. घातीय कर्ण्यात हा स्वर निभावून नेण्यासाठी क्षेत्रफळ दर ४७ सेंटिमीटरला दुप्पट, यापेक्षा जलद वाढून चालत नाही. कंठ ५०० चौरस सेंटिमीटरचा धरल्यास लांबी सव्वातीन मीटरच्या आसपास जाते. अशी वस्तू दिवाणखान्यात मावणे शक्य नाही.

यावर उपाय खोलीच्या कोपऱ्यात सापडला. दोन भिंती आणि जमीन मिळून अवकाशाचा आठवा हिस्साच मोकळा ठेवतात. साहजिकच मुखही आठव्या हिश्श्याचे, म्हणजे सुमारे ०.७४ चौरस मीटरचे पुरते आणि लांबी सुमारे १.८४ मीटरवर येते. पुढे या लांबीच्या घड्या घातल्या की तिला कपाटाचा आकार देता येतो. अमेरिकेतील अभियंता पॉल क्लिप्श यांनी नेमके हेच केले. आर्कान्सा राज्यातील होप या गावी त्यांनी १९४६ मध्ये उत्पादन सुरू केले आणि ‘क्लिप्शहॉर्न’ हे त्यांचे साधन तेव्हापासून आजतागायत विक्रीस आहे. साधारण १३० सेंटिमीटर उंच आणि ७९ सेंटिमीटर रुंद अशा या पेटीतील मंद्र स्वरांच्या कर्ण्याचा शेवटचा भाग म्हणजे घराच्या भिंतीच होत. यामुळे जुन्या आवृत्त्या भिंतीला घट्ट भिडवून, फट न ठेवता बसवाव्या लागतात. २०१९ च्या आवृत्तीत मागील बाजू बंद करून हा निर्बंध सैल करण्यात आला.

या साधनाची संवेदनशीलता उत्पादक १ मीटर अंतरावर सुमारे १०५ डेसिबेल सांगतात. ९० डेसिबेलच्या साध्या ध्वनिक्षेपकाशी तुलना केल्यास हा फरक १५ डेसिबेलचा, म्हणजे शक्तीत सुमारे ३२ पट होतो. एकास ३२ वॅट लागतात तेथे दुसऱ्याचे काम एका वॅटवर भागते. तथापि या गुणास एक दुसरी बाजूही आहे. विवर्धकातील सूक्ष्म खरखर आणि वीजप्रवाहाची घुंई साध्या ध्वनिक्षेपकात लोपून जाते. येथे मात्र ती शांत खोलीत स्पष्ट ऐकू येते. म्हणून कर्ण्यासाठी विवर्धक निवडताना तो किती वॅट देतो यापेक्षा पहिला वॅट किती निर्मळ देतो, हे पाहणे अधिक अगत्याचे ठरते.

कोपरा मंद्र स्वरांस बळ देतो, तसाच खोलीचे दोषही जागे करतो. खोलीतील सर्व स्थिर तरंगांचा दाब कोपऱ्यात महत्तम असतो. तेथील ध्वनिक्षेपक ते सर्वच उत्तेजित करतो. ४.३ मीटर लांबीच्या खोलीत पहिला स्थिर तरंग सेकंदास सुमारे ४० कंपनांचा असतो. मागील भिंतीस पाठ लावून बसणाऱ्यास तो स्वर फुगलेला, तर लांबीच्या मध्यावर बसणाऱ्यास जवळजवळ नाहीसा झालेला वाटेल. ध्वनिक्षेपक हलविणे शक्य नसल्याने येथे आसनच हलवावे लागते. शिवाय मुंबई-पुण्याकडील घरांप्रमाणे जेथे भिंती विटांच्या आणि जमीन फरशीची असते, तेथे वरचे स्वरही वारंवार परावर्तित होतात. जाड सतरंजी, पडदे आणि भरलेली पुस्तकांची कपाटे यांचा तेथे प्रत्यक्ष उपयोग होतो.

दोन कोपऱ्यांतील ध्वनिक्षेपकांची तोंडे ४५ अंशांनी आत वळलेली असल्याने त्यांच्यातील अंतराच्या निम्म्यावर त्यांचे अक्ष एकमेकांस छेदतात. चार मीटर रुंदीच्या खोलीत हा छेदनबिंदू समोरच्या भिंतीपासून सुमारे दोन मीटरवर येतो. श्रोत्याने त्याच्या थोडे मागे बसावे, हे उत्तम. कारण तार स्वरांचा झोत अरुंद असतो आणि एकावर एक रचलेल्या तीन कर्ण्यांचे ध्वनी एकजीव होण्यास काही अंतर लागते. जवळ बसल्यास ते वेगवेगळे ऐकू येतात.

ज्या दिवाणखान्यात एका कोपऱ्यात दार आणि दुसऱ्यात खिडकी आहे, तेथे कोपऱ्यावर विसंबणारा ध्वनिक्षेपक घेणे म्हणजे अपुरा कर्णा घेणे होय. अशा वेळी १९६३ पासूनच्या ‘ला स्काला’सारखे, कोपऱ्यावाचून चालणारे साधन पाहता येते, मात्र सर्वांत खालचे स्वर त्यात तितके उतरत नाहीत, ही किंमत मोजावीच लागते. जुने साधन घेताना फळ्यांचे सांधे सुटले आहेत का आणि स्वरविभाजक मंडलातील धारित्रे निकामी झाली आहेत का, हे तपासून घ्यावे. परीक्षणासाठी वाद्यवृंदापेक्षा परिचित माणसाचे ध्वनिमुद्रित भाषण अधिक विश्वसनीय असते. मुख अपुरे असल्यास अथवा कर्ण्याच्या भिंती थरथरत असल्यास आवाजात जो नळीतून बोलल्यासारखा अनुनासिकपणा येतो, तो त्यात तत्काळ उघडा पडतो.

एडगर विल्चर यांच्या छोट्या बंद पेटीने १९५४ मध्ये मंद्र स्वर लहान आकारात आणून दाखविले, द्विमार्गी ध्वनिमुद्रिकांनी १९५८ च्या सुमारास प्रत्येक घराकडे दोन ध्वनिक्षेपक मागितले आणि ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले. तेव्हापासून कर्णा ही आवश्यकता न राहता निवड झाली आहे. ही निवड एकट्या श्रोत्याची मात्र नव्हे. सुमारे ८० ते १०० किलोग्रॅम वजनाच्या दोन वस्तू घरातील दोन कोपरे कायमचे अडवितात, बैठकीची मांडणी ठरवितात, आणि त्यांचे मंद्र स्वर भिंतीपलीकडील शेजाऱ्यापर्यंतही जातात. ज्या घरातील सर्वांस हे मान्य आहे आणि ज्या खोलीस दोन अखंड कोपरे आहेत, तेथे हलक्या आवाजातही स्पष्ट राहणारे संगीत हा त्याचा मोबदला होय. खोली अनुकूल नसेल, तर चांगली छोटी पेटी हीच शास्त्रशुद्ध निवड ठरते. कारण तरंगलांबी कोणाच्याही हौसेखातर आखूड होत नाही.