मांडवचं पाणी, महेश्वरचं पाणी

इंदूरहून एका दिवसात मांडव आणि महेश्वर उरकून येणारी मंडळी पुष्कळ. सकाळी जहाज महाल, दुपारी रूपमतीचा महाल, संध्याकाळी महेश्वरचा घाट, आणि येताना साडी. मीही कित्येक वर्षं असाच फिरलो. नोकरी सगळी पाइप आणि पंपांत गेली, तरी एकदा भर पावसात मांडवला अडकलो तेव्हा कुठे दगडातल्या पन्हळी नजरेला पडल्या. वरून पाणी धो धो पडत होतं आणि प्रत्येक गच्चीवरचं पाणी ठरल्या वाटेनं चाललं होतं.

होशंगशहानं १५ व्या शतकाच्या सुरुवातीला माळव्याची राजधानी धारहून मांडवला नेली. विंध्याच्या कडेवर, तीन बाजूंनी दऱ्या; संरक्षणाला उत्तम जागा. पण पाण्याचं काय? खाली निमाडात नर्मदा वाहते, हवा स्वच्छ असली तर रूपमतीच्या महालावरून तिची रेघ दिसते. मात्र ही कडा निमाडच्या सपाटीपासून सुमारे ३६५ मीटर उंच. रहाट किंवा मोट लावून एवढं पाणी चढत नाही. म्हणजे नर्मदा फक्त बघायची. प्यायचं ते पावसाचं.

म्हणून मांडवच्या इमारती बघताना आधी त्यांचं पाणी शोधावं. जहाज महाल सुमारे १२० मीटर लांब, मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधे. त्याच्या वरच्या मजल्यावर वेटोळी पन्हळ आहे. ती बघून लोक नक्षी म्हणून फोटो काढतात. माझ्या मते ती नुसती नक्षी नव्हे. पाणी वळणावळणानं गेलं की वेग कमी होतो आणि गाळ मागे बसतो. रूपमतीच्या महालाच्या तळाशीही पावसाचं पाणी साठवायचं टाकं आहे. रेवा कुंडाजवळ पाणी उचलून शेजारच्या महालाला पोचवणाऱ्या कमानींचे अवशेष उभे आहेत. तो महाल बाझबहादूरच्या नावानं ओळखला जातो, पण त्यावरचा शिलालेख १५०८-०९ चा, नासिरशहाच्या काळातला आहे. प्रेमकथेच्या आधीपासून तिथे पाण्याची सोय होती!

आता घाट उतरून महेश्वरला या. इथे प्रश्न बरोबर उलटा. अहिल्याबाईंनी १७६७ नंतर राजधानी इथे आणली. पाणी दारात, पण उन्हाळ्यात खोल जाणारं आणि पावसाळ्यात अंगावर येणारं. यावर उत्तर म्हणजे घाट. पाणी कुठल्याही पातळीला असो, माणसाला पायरी मिळते. शिवाय काठाची माती दगडाखाली धरून ठेवली जाते आणि वरच्या किल्ल्याचा पाया सुरक्षित राहतो. नदीत पुढे आलेले बुरुजासारखे ओटे नुसते बसायला नाहीत, ते प्रवाहाचा मार झेलतात, असं मला वाटतं. पूर आला की खालच्या पायऱ्या बुडतात, आणि त्या बुडण्यासाठीच बांधल्या आहेत. १८१८ नंतर राजधानी इंदूरला गेली, पण घाट रोजच्या वापरात राहिला.

थोडक्यात, डोंगरावरच्या गावानं पाणी अडवलं आणि काठावरच्या गावानं पाण्याला जागा दिली.

हे सांगायचं कारण असं. आपण वारसा म्हटलं की कमान, घुमट, जाळी जपतो. पन्हळ मात्र कचऱ्यानं किंवा सिमेंटनं बुजली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मग तेच पाणी चुन्याच्या बांधकामात मुरतं, आणि भिंत फुगली की आपण म्हणतो, जुनं झालं हो! तलावाचंही तेच. पाणी येण्याची वाट रस्त्यानं किंवा बांधकामानं तुटली तर तलाव नुसता खड्डा उरतो.

तेव्हा पुढच्या वेळी मांडवला ऑगस्टमध्ये जा आणि छत्री घेऊन गच्चीवर थांबा. महेश्वरला पाणी उतरल्यावर, हिवाळा संपता संपता जा आणि खालच्या पायरीपर्यंत उतरा. बुजलेली पन्हळ दिसली तर फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि मंडळाला कळवा. आपली नोंदवही यापासूनच सुरू करू या.