पूल कोणाचा, कर्ज कोणाचे?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला, त्याला अटल सेतू हे नाव मिळाले आणि तेव्हापासून नवी मुंबईत एक वाक्य मी वारंवार ऐकते आहे. ‘जपानने आपल्याला एवढा मोठा पूल बांधून दिला!’ बोलणाऱ्याच्या स्वरात कौतुक असते, थोडी कृतज्ञताही असते. मी आयुष्यभर महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. त्यामुळे असे वाक्य कानावर पडले की मी त्यातल्या ‘दिला’ या क्रियापदापाशी अडते. मराठीत हे क्रियापद मोठे सैल आहे. आपण लेकीला दागिने देतो आणि शेजाऱ्याला हातउसने पैसेही देतो. दोन्हीकडे देणेच. पण दागिने परत मागायचे नसतात आणि हातउसन्यांची पुढच्या महिन्यात आठवण करून द्यायची असते. जपानने आपल्याला जे दिले ते या दुसऱ्या प्रकारातले आहे, आणि ते फेडायचे कोणी, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आधी थोडा हिशेब. सेतूची लांबी सुमारे २१.८ किलोमीटर, त्यातला साधारण १६.५ किलोमीटरचा भाग समुद्रावर. एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळापुढे हा विषय आला तेव्हा खर्चाचा अंदाज १७,८५४ कोटी रुपयांचा होता. त्यापैकी १५,१०९ कोटी रुपये ‘जायका’कडून, म्हणजे जपान इंटरनॅशनल कोऑपरेशन एजन्सीकडून, कर्जाऊ मिळतील असे धरले होते. शंभरातले ८५ रुपये उसनवारीचे, असे समजा.

मुंबई आणि पलीकडचा किनारा जोडण्याची कल्पना काही नवी नव्हती. १९६३ सालच्या वाहतूक अभ्यासात विल्बर स्मिथ या सल्लागार संस्थेने ती मांडली होती. तेव्हा नवी मुंबई कागदावरसुद्धा नव्हती; सिडको स्थापन झाली १९७० मध्ये. पुढे कित्येक सरकारे आली नि गेली, पूल भाषणांत तेवढा राहिला. मग खासगी कंपन्यांनी स्वतःच्या पैशाने बांधावा आणि टोल घेऊन वसूल करावा, असा प्रयत्न झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये निविदा उघडायची वेळ आली तेव्हा पात्र ठरलेल्यांपैकी एकाही कंपनीने निविदा भरली नाही. व्यापाऱ्याचे गणित सरळ असते. समुद्रावर एवढा पैसा ओतायचा आणि पलीकडून किती गाड्या येतील याची शाश्वती नाही, तर तो पैसा घालणार कशाला? खासगी भांडवलाने पाठ फिरवली म्हणून आपण जायकाच्या दारात गेलो, हे विसरून चालणार नाही. व्यापाऱ्याने नाकारलेला धोका शेवटी कोणीतरी अंगावर घेतलेला आहे.

तो कोणी घेतला, हे समजून घ्यायचे तर जरा राज्यघटनेत डोकवावे लागेल. घटनेच्या २९३व्या कलमानुसार राज्य सरकारला कर्ज काढता येते ते भारताच्या हद्दीत. मुंबईच्या मंत्रालयाने परस्पर टोकियोला जाऊन कर्ज आणले, असे होऊ शकत नाही. म्हणून परदेशी कर्ज दिल्लीमार्फत यायचे. केंद्र कर्ज घेणार आणि राज्याला देणार. २००५ पासून, बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, केंद्र ज्या अटींवर परदेशी कर्ज घेते त्याच अटींवर ते राज्यांकडे सोपवू लागले. व्याजही तेच, मुदतही तीच आणि परकीय चलनाचा चढउतारही राज्याच्याच माथी.

या सेतूच्या निमित्ताने याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. १९ एप्रिल २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने असे धोरण मंजूर केले की, आर्थिकदृष्ट्या भक्कम असलेल्या राज्याच्या संस्थांनी परदेशी सरकारी संस्थांकडून थेट कर्ज घ्यावे. मंत्रिमंडळापुढे उदाहरण होते ते आपल्याच एमएमआरडीएचे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, आणि याच सेतूचे. कर्ज घेणार प्राधिकरण. मुद्दल आणि व्याज तेच थेट जपानला पाठवणार. त्याला जामीन महाराष्ट्र सरकार आणि राज्याच्या जामिनावर पुन्हा प्रतिहमी भारत सरकारची. गावच्या विकास सोसायटीत कर्ज काढताना दोन जामीनदारांच्या सह्या लागतात ना, तसाच हा प्रकार आहे. फक्त इथले दुसरे जामीनदार थेट दिल्लीत बसलेले आहेत. आणि जामीन राहणे म्हणजे काय असते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे.

आता आपण विचाराल, जपानला यात काय मिळते? निव्वळ परोपकार म्हणावा तर तसे नाही आणि सावकारी म्हणावी तर तसेही नाही. जपानने विकासासाठीचे पहिले येन कर्ज दिले ते १९५८ मध्ये, आणि दिले ते भारतालाच. गंमत अशी की त्या वेळी जपान स्वतःच कर्जदार होता. टोकियो-ओसाका बुलेट ट्रेन १९६४ मध्ये धावू लागली, तिच्यासाठी जागतिक बँकेने जपानला ८ कोटी डॉलर कर्ज दिले होते. जागतिक बँकेची सगळी देणी जपानने फेडली ती १९९० मध्ये. उसने घेऊन उभे राहिलेल्या या देशाला कर्जाची ताकद ठाऊक आहे आणि त्यामागचा व्यापारही. बाजारातल्या कर्जापेक्षा व्याज कमी, मुदत लांब, पहिली काही वर्षे मुद्दलाला हात लावायचा नाही, ही झाली सवलतीची बाजू. जपानी उद्योगांना मोठी कामे मिळतात, मैत्री पक्की होते, ही दुसरी बाजू. सेतूच्या पहिल्या टप्प्याचे काम लार्सन अँड टुब्रोबरोबर आयएचआय या जपानी कंपनीने केले. मला यात वावगे काही वाटत नाही. देणाऱ्याचा स्वार्थ उघड दिसत असेल तर व्यवहार उलट स्वच्छ राहतो.

भीती वाटते ती येनची. कर्ज येनमध्ये घेतले की परतफेडही येनमध्येच करायची, आणि टोल आपण रुपयांत गोळा करतो. २००७ च्या सुमारास १०० येन घ्यायला साधारण ३५ रुपये पडत. २०१२ मध्ये त्याच १०० येनना ६५ रुपयांहून अधिक मोजावे लागत होते. पाच वर्षांत जवळजवळ दुप्पट! व्याजाचा दर कितीही कमी असो, चलनाने अशी उडी मारली की सवलत तिथेच विरघळते. अलीकडच्या वर्षांत येन बराच नरम राहिला, हे आपले नशीब. पण या कर्जाची मुदत काही पाच वर्षांची नाही.

परदेशी कर्जाबरोबर पैशाशिवाय आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे नियम. आपल्याकडे त्यांची ‘जाचक अटी’ म्हणून संभावना होते. माझे मत निराळे आहे. मुंबईतलेच उदाहरण घ्या. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला जागतिक बँकेने कर्ज दिले होते. रूळ आणि रस्ते रुंद करताना सुमारे एक लाख माणसांना हलवायचे होते. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यात दुकाने जाणाऱ्या व्यावसायिकांनी २००४ मध्ये बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. मंडळाने चौकशी केली आणि १ मार्च २००६ पासून बँकेने रस्ते व पुनर्वसन या भागांचा पैसा थांबवला. मंत्रालयात अर्ज देऊन जे झाले नव्हते ते वॉशिंग्टनहून हप्ता अडल्याबरोबर होऊ लागले. पुनर्वसनात सुधारणा कबूल झाल्यावर जूनअखेर पैसा पुन्हा सुरू झाला. आपल्या राज्याने आपल्याच नागरिकाचे ऐकावे म्हणून त्याला बाहेरच्या बँकेचे दार ठोठवावे लागले. हे भूषणावह नक्कीच नाही, पण त्या दुकानदारांना ते दार होते म्हणून निभावले.

जायकाचेही असे पर्यावरणविषयक आणि सामाजिक नियम आहेत, आणि ते पाळले गेले नाहीत तर हरकत घेण्याची सोय आहे. शिवडीच्या चिखलपट्ट्यात हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हजारोंनी उतरतात. ठाणे खाडीतले रोहित अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये ती जागा रामसर यादीत गेली. सेतूवर शिवडीजवळ ध्वनिरोधक बसवले गेले ते या पक्ष्यांच्या काळजीपोटी.

पण पक्ष्यांपेक्षा मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो कोळीवाड्यांचा प्रश्न. न्हावा, गव्हाण, बेलपाडा, घारापुरी, तसेच पलीकडचे माहूल, तुर्भे या भागातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या या खाडीत डोल लावत, जाळी टाकत आली. पुलाचे खांब उभे राहिले, तात्पुरते रस्ते पाण्यात आले, बार्जेस फिरू लागल्या. मासे कमी झाले हे सिद्ध करायचे कसे? शेतकऱ्याकडे निदान सातबारा असतो. समुद्राचा सातबारा कुठल्याच तलाठ्याकडे मिळत नाही. सेतू जिथे जमिनीवर येतो त्या बाजूला जासई आहे. तिथल्या भूमिपुत्रांनी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. जमीनवाल्यांनाही एवढी किंमत मोजावी लागली, तिथे पाण्यावर जगणाऱ्यांची काय कथा! ज्याच्या नावावर काही नाही पण ज्याची उपजीविका बुडते, तोही बाधितच, हे तत्त्व अशा कर्जांच्या नियमांत लिहिलेले असते. सेतूच्या बाबतीत मच्छीमारांसाठी भरपाईचे धोरण झाले आणि पैसेही वाटले गेले. कोण पूर्ण बाधित, कोण अंशतः, कोणाचे नाव यादीत आले आणि कोणाचे सुटले, यावर वाद झाले. ते व्हायचेच. मात्र एकरकमी भरपाई ही एकदाच मिळते आणि पूल शंभर वर्षे उभा राहावा म्हणून बांधला जातो, हा फरक कुठल्याच नियमाला अजून मिटवता आलेला नाही.

आता फेडीकडे वळू. मोटारीला एका वेळी २५० रुपये टोल ठरला. रोज ७० हजार वाहने धावतील असे उद्घाटनाच्या वेळी सांगितले जात होते. पहिल्या वर्षाचा अनुभव दिवसाला सरासरी २३ हजारांच्या आसपासचा निघाला. त्यातच ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ केला. वाशीचा खाडीपूल फुकट आणि सागरी सेतूला २५० रुपये! उलव्याचा नोकरदार काय निवडेल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. म्हणजे जामीनदार असलेल्या राज्य सरकारने कर्जदाराचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पाठवले, असेच झाले की नाही?

टोल कमी पडला म्हणून हप्ता चुकणार नाही, हेही सांगायला हवे. प्राधिकरणाची मोठी मिळकत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भूखंडांची आहे. मिठीकाठच्या त्या दलदलीने आजवर बरेच काही पोसले. पण भूखंड संपतात, आणि मेट्रोच्या मार्गिकांसाठीही याच प्राधिकरणाने कर्जे उचलली आहेत. दुसरीकडे नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, डिसेंबरात विमाने उडू लागली, तेव्हा सेतूवरची वर्दळ वाढेल अशी आशा धरायला जागा आहे.

बांधकामासाठी परदेशी पैसा मिळतो, बांधल्यानंतरच्या देखभालीला कोणी देत नाही. मराठवाड्यातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पाला १९९० च्या दशकापासून जपानी कर्ज मिळाले. त्यातून रस्ते, वनीकरण, लेण्यांचे जतन अशी चांगली कामे झाली, भव्य पर्यटक केंद्रेही उभी राहिली. ही केंद्रे काही वर्षांतच वीज-पाण्याच्या थकबाकीपायी बंद पडली. कर्जाचा हप्ता मात्र इमारतीला कुलूप लागले म्हणून थांबत नसतो.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. त्या वर्षी टोल किती जमला, जपानला हप्ता किती गेला, त्या दिवशी येनचा भाव काय होता आणि किती मच्छीमारांची भरपाई अजून बाकी आहे, हे चार आकडे प्राधिकरणाने दरवर्षी ३१ मार्चला मराठीत जाहीर करावेत. टोलनाक्यावर त्यांचा फलक लावला तरी पुरे. जाता-येता वाचून होईल.